शिबिर संपले, पुढे काय?

"आई, यावर सही कर ना!" सातवीतल्या आमच्या लेकीने शाळेचा कागद पुढे केला, तेव्हा माझे हात कणकेत होते. कोकणातल्या वेळास गावी चार दिवसांचे निवासी शिबिर, मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, आणि समुद्रावर कासवांची पिल्ले पाहायची, असा सगळा बेत त्यात लिहिला होता.

"परक्यांच्या घरात पोरीला चार रात्री ठेवायची? आणि परीक्षा तोंडावर आलेली!" सासूबाई देवघरातूनच म्हणाल्या.

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. आदल्या वर्षीही मुले शिबिराला गेली होती. दोरीवरून लोंबकळली, शेकोटीभोवती नाचली नि परत आली. मजा झाली, नाही असे नाही. पण ज्या गावात राहून आली, त्याचे नावही लेकीला धड सांगता येईना. एवढ्यासाठी पैसे भरायचे नि काळजीही आपणच करायची!

या खेपेस मात्र वर्गाच्या बाईंनी आम्हां आयांना आधीच बोलावून घेतले. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून आपण त्याचे नाव ऐकलेले असते. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते नि मागे न पाहता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री उकरत. 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. ती पाहायला लोक येऊ लागले, आणि गावातल्या बायकांनी आपल्या घरांतून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. म्हणजे जी अंडी एकेकाळी विकली जात, ती राखून आता घरात दोन पैसे येतात.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलांना त्यांनी जाण्याआधीच प्रश्न दिले. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. ऊब जास्त असली तर माद्या अधिक. ते कसे? भरती रोज त्याच वेळी का येत नाही? हजारात एखादेच पिल्लू मोठे होते म्हणतात, मग बाकीची जातात कुठे? हे ऐकून मी सही केली.

चार दिवसांनी लेक आली ती काळवंडून, पण तोंडाचा पट्टा सुरू! यजमानीण काकूंच्या हातचे कुळथाचे पिठले, उकडीचे मोदक, पहाटे वाळूतून वर आलेली इवलीशी पिल्ले. पण सर्वांत जास्त कौतुक काकूंच्या मुलीचे. हिच्याच वयाची ती! घड्याळ नाही, पुस्तक नाही, नुसती तिथी विचारून भरतीची वेळ सांगायची. "आई, मला पहिला नंबर असून काही सांगता येईना गं," लेक हळूच म्हणाली.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. परीक्षा जवळ आली, भाग संपवायची घाई सुरू झाली. शिबिराची वही गादीखाली गेली. मी पण म्हटले, झालं गेलं, आता अभ्यास कर.

एके दिवशी दिनदर्शिकेसमोर उभी राहून लेक पुटपुटत होती. तिथीला तीनाने गुणायचे नि चाराने भागायचे, की भरतीची वेळ येते, असे त्या मुलीने तिला शिकवले होते. पोळी लाटता लाटता सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर पाऊणकी! चार पाऊण तीन, आठ पाऊण सहा. अष्टमीला सहा वाजता भरती, पहाटे नि संध्याकाळी. बरोबर?"

लेक बघतच राहिली. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे आम्ही कधीच विसरलो. सासूबाईंना अजून मुखोद्गत. कोकणातल्या किनाऱ्यावरचे शहाणपण नि आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरातला पाढा एका क्षणात जुळले. शाळेतला अपूर्णांकांचा धडा तेवढा बाजूला राहिला होता!

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांनी गणिताच्या सरांना सांगितले, आणि सरांनी शनिवारचा एक तास दिला. मुलांनी वेळासला टिपलेल्या भरतीच्या वेळा फळ्यावर मांडल्या. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. त्या हिशेबाने पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. पण महिन्याच्या 30 तिथींत भरती 24 तासांचा पूर्ण फेरा करते; म्हणजे सरासरी एका तिथीला 48 मिनिटे. आता पौर्णिमेला बरोबर बारा! तोंडी हिशेबाला सोपे म्हणून कुणीतरी 48 चे 45 केले असणार, असे मुलांनी अनुमान काढले. अपूर्णांक, सरासरी, चंद्राच्या कला, सगळे एका तासात! आमच्या लेकीने तो तक्ता वेळासला पाठवला. उत्तर आले: "खाडीत आत गेलीस की भरती उशिरा पोचते. ते लिहायचं राहिलं." चूक काढणारी ती मुलगी मला फार आवडली.

शिक्षण हाताच्या कामाशी नि भोवतालच्या जीवनाशी जोडावे, हा विचार गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला मांडला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याचे सांगितले आहे. पण नुसते दप्तर घरी ठेवून भागत नाही. दुधाला विरजण लावून रात्रभर ठेवावे लागते. शिबिराचेही तसेच आहे. म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कागदावर सही करण्याआधी एवढे करा:

शाळेला विचारा: जाण्याआधी मुले काय वाचणार, नि आल्यावर कोणत्या विषयाच्या तासाला ते काढणार?

मुक्काम कुणाकडे, बरोबर शिक्षिका किती, झोपण्याची व शौचालयाची सोय कशी, जवळचा दवाखाना कुठे, हे स्पष्ट विचारून घ्या. त्यात भिडेचे काय?

मुलाला बजावा, ताट उचलून ठेवायचे, पाणी जपून वापरायचे, यजमानांना काका-काकू म्हणायचे. आपण तिथे गिऱ्हाईक म्हणून जात नाही, शिकायला जातो.

परतल्यावर "मजा आली का?" एवढेच विचारू नका. "कुणाकडून काय शिकलास?" असे विचारा. आजी-आजोबांनाही ऐकायला बसवा.

आणि त्या गावाला काहीतरी परत पाठवा: पत्र, फोटो, मुलांनी केलेला तक्ता.

दिवाळीनंतर वेळासची ती मुलगी चार दिवस आमच्याकडे यायची आहे. तिला गुऱ्हाळ पाहायचे आहे. परवा तिच्या आईचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर काकू जरा अडखळल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, रागावू नका हं. पण पोर कधी एकटी राहिलेली नाही. झोपायला कुणाजवळ असेल?"

मी म्हटले, "आमच्या आईंजवळ. त्यांनी आतापासून गादी काढून उन्हात घातली आहे."