संगणकाची स्मृति आणि विजोड जोडी

आम्हां कोल्हापूरकरांच्या एकत्र कुटुंबांत एकच संगणक नातवंडांचा अभ्यास व घरचा हिशेब दोन्ही वाहतो. तो मंदावला कीं रॅमची नवी पट्टी आणण्याचें ठरतें. जुन्या-नव्यांचें टायमिंग निराळें असल्यास, एका जुवास जुंपलेल्या बैलांप्रमाणें दोहींस सामान्यतः मंद पट्टीच्या चालीनें जावें लागतें. नुसता आंकडा मात्र फसवा. डीडीआर४ मधील ३२०० वेगाची सीएल १६ आणि ३६०० ची सीएल १८, दोहींचा विलंब १० नॅनोसेकंदच. डीडीआर५ ची पट्टी तर डीडीआर४ च्या खांचेंत बसतच नाहीं. विजोड जोडी चालली तरी मेमटेस्टनें रात्रभर पारखावी. संगणकाचा स्मृतिभ्रंश मुकाट्यानें होतो व जतन केलेला हिशेबही बिघडतो. यास्तव, एकाच संचांतील जोडी घ्यावी, असें आम्हांस वाटतें.