मारुतीने अडवलेली कृष्णा

रामराय कृष्णेकाठी पूजेला बसले आणि नदीला एकाएकी पूर आला. पाणी पूजेवर चालून येणार, तोच मारुतीने दोन्ही हात पसरले. नदी फुटली; अर्धी उजवीकडून गेली, अर्धी डावीकडून. मधे राहिलं ते बेट! सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात बहे-बोरगावला हे रामलिंग बेट आहे. तिथला मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. दर्शन झालं की लोक झाडाखाली डबे सोडतात, तेही पूजेइतकंच मनापासून.

आता ते हात कशाचे, ते ऐका. काळ्या पाषाणाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजले. सगळे थर सारखे टणक नसतात. मऊ खडक नदी खरवडून नेते, टणक तिला आवरत नाही.

नदीची ताकद असते वेगात. वेग दुप्पट झाला, की ती चौसष्टपट वजनाचा धोंडा ढकलते! दुप्पट नाही रे, चौसष्टपट. पण वेग जरा मंदावला की तीच ओझं टाकून मोकळी होते. आधी गोटे, मग वाळू, शेवटी गाळ. खडकाच्या पाठीमागे पाणी संथ असतं, तिथे गाळ साठतो. गाळात लव्हाळा रुजतो, त्याच्या मुळांत आणखी गाळ अडकतो, मग करंज-उंबर येतात.

खोटं वाटतं? परातीत वाळू पसर, मधे दगड रोव, परात जरा कलती धर आणि तांब्याने हळू पाणी सोड. दगडाच्या पुढ्यात नालेसारखा खड्डा पडेल आणि मागे वाळूची शेपटी. हा खेळ आपल्या पवना नदीवर नको करायला. पलीकडे पिंपरी, अलीकडे आपण, दोघांचं सांडपाणी आणि वर जलपर्णी.

बेटासारख्या पुराच्या जागी बाग, बाकडी, झाडं एवढंच शोभतं. पूर डोक्यावरून गेला तरी उंबर पुन्हा पालवतो. बंगल्याला ते जमत नाही. आपल्याकडे काठाला खेटून टॉवर बांधणाऱ्यांना हे कोण सांगणार!

दिवाळीत ईश्वरपूरला (आधीचं इस्लामपूर) उतरून बहेला जाऊ. पाणी उतरलेलं असतं तेव्हा. तू प्रवाहाच्या तोंडाचं टोक बघ, ताई शेपटीकडचं बघेल. उघडा खडक कुठे, गाळ कुठे, ते मला येऊन सांगा. मी तोवर डबा उघडतो.