अपडेट: बंदही नको, एकदमही नको

ऑफिसात पन्नास-शंभर संगणक असले की विंडोजचे ऑटोमॅटिक अपडेट सरसकट बंद करून ठेवायचे, हा अनेकांचा शिरस्ता. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा?’ २०१७ मध्ये हा हिशेब महागात पडला. वॉनाक्राय हे संगणक ओलीस धरून खंडणी मागणारे रॅन्समवेअर १२ मेला पसरले. ज्या भोकातून ते शिरले, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. तरीही इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या जवळपास एक तृतीयांश ट्रस्टना त्याचा फटका बसला. खापर फुटले जुनाट विंडोज एक्सपीवर. प्रत्यक्षात लागण झालेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. त्यांना अपडेट मिळत होते, कोणी टाकले नव्हते. शिवाय अपडेट जाहीर होणे ही हल्लेखोरांसाठीही वर्दीच असते, कारण जुनी आणि नवी फाइल ताडून पाहिली की भोक कुठे होते ते कळते.

यावर लगेच क्राउडस्ट्राइकचा दाखला येतो. १९ जुलै २०२४ ला सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले, ही अपडेटचीच कृपा ना? हो, पण ते विंडोजचे अपडेट नव्हते. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर एकदम गेली आणि अडवायला मधे टप्पाच नव्हता. म्हणजे हा दाखला अपडेट बंद ठेवण्याच्या बाजूने नाही, टप्पे पाडण्याच्या बाजूने आहे. अपडेटने काम अडते ही तक्रार मात्र खोटी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिंटरसंबंधीची सुरक्षा कडक केल्यावर अनेक ऑफिसांत नेटवर्क प्रिंटर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागू लागले. हे आधी चार मशीनवर दिसलेले बरे, की एकदम शंभरांवर?

तेव्हा मासिक अपडेट आले की पहिल्या दिवशी मोजकी मशीन, आठवड्याने निम्मी, मग बाकीची. पहिल्या तुकडीत फक्त आयटीवाल्यांचे लॅपटॉप नकोत. त्यांवर ब्राउझरपलीकडे चालते काय? टॅली, डिजिटल सहीचे टोकन आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलेले अकाउंट्सचे एक मशीन त्यात हवेच. ग्रुप पॉलिसीतून मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवता येतात, नवी आवृत्ती आणणारी मोठी अपडेट ३६५ दिवसांपर्यंत. या दोहोंना एकच नियम लावणे चूक: ऑक्टोबर २०१८ मध्ये काहींच्या फाइली पुसून गेल्या त्या मोठ्या अपडेटमुळे, आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावे लागले. इंटरनेट तुंबण्याची भीतीही बरीचशी फुकाची. एका मशीनने उतरवलेले अपडेट बाकीची ऑफिसातल्या ऑफिसात घेऊ शकतात.

राहिला रीस्टार्ट. अपडेट डाउनलोड झाले म्हणजे लागू झाले, असे नव्हे. बहुतेक सुरक्षा अपडेटना रीस्टार्ट लागतोच. ‘आम्ही रोज शटडाउन करतो’ एवढ्यावर भागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ पाहावा. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या मशीनवरही तो आकडा कित्येक दिवसांचा निघतो, कारण साध्या शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. म्हणून पॉलिसीत रीस्टार्टची मुदत घालावी आणि ती जेवणाच्या सुट्टीत नव्हे, ऑफिस सुटल्यानंतरची ठेवावी.