तुळशीचे कुळ जगभर. जांभळी मंजिरी मात्र सह्याद्रीचीच

अंगणातील तुळस, चटणीतील पुदिना, फालुद्यातील सब्जा आणि दाराच्या चौकटीचा साग यांचे एकमेकांशी नाते आहे, असे सांगितल्यास चटकन विश्वास बसणार नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही सारी एकाच घराण्यातील मंडळी आहेत. शास्त्रज्ञ या घराण्याला 'लॅमिएसी' म्हणतात. मराठीत ते तुळशीचे कुळ. जगात या कुळाच्या सात हजारांहून अधिक जाती असून, त्यांपैकी चारशेहून अधिक भारतात आढळतात.

चौकोनी खोड, समोरासमोर येणारी पाने आणि ओठांसारख्या दोन भागांत विभागलेले फूल, ही या कुळातील बहुतेक वनस्पतींची ओळख. अनेकींच्या पानांत सुगंधी तेल असते. साग, शिवण, निर्गुडी व भारंगी यांची गणना पूर्वी वेगळ्या कुळात होत असे. १९९०च्या दशकातील संशोधनानंतर त्यांना तुळशीच्या कुळात स्थान मिळाले. सागाच्या कोवळ्या फांद्याही चौकोनीच असतात!

भारतातील या वैभवाची दोन मोठी केंद्रे म्हणजे हिमालय आणि पश्चिम घाट. हिमालयातील अनेक जाती पुढे मध्य आशिया किंवा चीनपर्यंत पसरलेल्या आहेत. पश्चिम घाटाचे चित्र वेगळे आहे. येथील काही जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. अशा जातींना 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलणारी जांभळी मंजिरी हे त्याचे उत्तम उदाहरण. 'पोगोस्टेमॉन डेक्कनेन्सिस' हे तिचे शास्त्रीय नाव. अत्तरांत वापरले जाणारे पॅचौलीचे तेल ज्या झाडापासून मिळते, त्याचीच ही चुलतबहीण. तुंब्याच्या नात्यातील बुरुंबीही याच डोंगररांगांत वाढते.

या जाती येथेच का, याचे उत्तर पठाराच्या घडणीत आहे. वर कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात तेथे पाणी साचून राहते, तर उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे मोजक्या महिन्यांत उरकावे लागते. सभोवार खोल दऱ्या असल्याने प्रत्येक पठार जणू एक बेटच ठरते. या परिस्थितीशी दीर्घकाळ जुळवून घेतलेल्या वनस्पतीला सखल भागातील खोल मातीत टिकाव धरणे कठीण जाते.

या कुळाचे मोल केवळ सौंदर्यापुरते नाही. डोंगरउतारांवर वाढणाऱ्या माईनमुळाच्या मुळांचे लोणचे घालतात. हृदयाच्या कार्यावर परिणाम करणारे 'फोर्सकोलिन' हे द्रव्य १९७०च्या दशकात याच मुळांतून वेगळे करण्यात आले. त्या संशोधनात मुंबईतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. माईनमूळ आफ्रिकेतही आढळते. परंतु प्रदेशनिष्ठ जातींची गोष्ट निराळी. त्यांच्यात कोणते गुण दडले आहेत हे कळण्यापूर्वीच त्या नाहीशा झाल्या, तर ते ज्ञानही कायमचे हरपेल.

युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा त्यांत समावेश आहे. मात्र, सह्याद्रीतील अनेक लहानमोठी पठारे या संरक्षणाच्या कक्षेबाहेर आहेत. बॉक्साइटच्या खाणी, पवनचक्क्यांसाठी झालेले रस्ते, तसेच फुलांच्या हंगामात उसळणारी पर्यटकांची गर्दी यांचा ताण त्यांच्यावर पडतो. मातीचा थर काही इंचांचाच असल्याने वाहनांची चाके आणि पावले यांमुळे झालेली हानी सहजासहजी भरून येत नाही.

पुदिन्याची काडी परसात खोवली तरी रुजते. तुळस तर घरोघरी आहे. त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. जांभळ्या मंजिरीला मात्र कुंडी नको, पठार हवे. तेव्हा पुढच्या हंगामात फुले पाहायला जाणाऱ्यांनी पायवाट सोडून कातळावर उतरू नये, एवढे पथ्य पाळले तरी तुळशीच्या या रानातल्या नातलगांना मोठाच आधार मिळेल.