बाबांची अ‍ॅम्बेसेडर, 1:20

तुमसरला बाबांची अ‍ॅम्बेसेडर होती. माझ्या अ‍ॅडमिशनच्या वेळी ती विकली. नवी घेऊन द्यावी म्हटलं तर 2014 पासून ती बनतच नाही! म्हणून दिवाळीला हॉस्टेलवरून तिचं मॉडेल नेलं.

प्रमाण 1:20. मूळ व्हीलबेस 2464 मिमी, म्हणजे मॉडेलचा 123. अ‍ॅक्सलला सायकलचे स्पोक. गंमत पत्र्याची: खरा 1 मिमी धरला तरी इथे 0.05, कागदाहून पातळ! तेव्हा मित्रांनो, बाहेरची मापं काटेकोर पाळा, जाडीचा हट्ट सोडा. मी पुठ्ठाच वापरला.

बाबांनी चाकं फिरवून पाहिली. म्हणाले, "ब्रेक पाह्यले का रे?"

मग ती खिडकीत ठेवली. तिथूनच पूर्वी अंगणातली गाडी दिसायची.