मासेमारी नौकेवरील एलईडी प्रकाशयोजना : तंत्र, सुरक्षा आणि कायदा

प्रस्तावना :

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर ‘एलईडी’ हा शब्द आज दोन अर्थांनी उच्चारला जातो. नौकेवरील जुन्या बल्बच्या जागी आलेला, कमी वीज घेणारा दिवा हा त्याचा एक अर्थ होय. प्रखर प्रकाशाने मासे एकत्र आणून केली जाणारी आणि पारंपरिक मच्छीमारांच्या रोषास कारण ठरलेली मासेमारी हा दुसरा. पहिला वापर आवश्यक आहे, तर दुसरा निषिद्ध. दिवा तोच असताना हा भेद कशामुळे निर्माण होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विद्युतभाराचे गणित :

एलईडी म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोड. तारेच्या बल्बमध्ये बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. डायोडमध्ये मात्र अर्धवाहकातून विद्युतप्रवाह जाताना थेट प्रकाश निर्माण होतो. नौकेवर विजेचा साठा मर्यादित असल्याने या फरकास विशेष महत्त्व येते. समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचे दहा बल्ब आहेत. त्यांना ५० अँपिअर प्रवाह लागेल. जवळजवळ तेवढाच प्रकाश देणारे ९ वॅटचे दहा एलईडी दिवे केवळ ७.५ अँपिअर प्रवाह घेतील. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीची निम्मी क्षमता राखून ठेवली, तर इंजिन बंद असताना बल्ब एक तास चालतील. एलईडी मात्र साडेसहा तासांहून अधिक काळ. इंजिन बिघडून नौका रात्री वाहवत गेल्यास हा फरक जीवनमरणाचा ठरू शकतो.

बसवणीतील दक्षता :

नौकेवरील दिवा बदलणे हे घरातील बल्ब बदलण्याइतके सोपे नाही. इंजिन चालू असताना चार्जिंगमुळे १२ व्होल्टच्या मंडलातील दाब १४ व्होल्टच्या वर जातो. त्यामुळे १० ते ३० व्होल्टपर्यंतचा दाब सहन करणारे दिवे निवडणे हितावह ठरते. खाऱ्या हवेत तांब्याच्या उघड्या तारा लवकर गंजतात. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा, जलरोधक जोड आणि प्रत्येक मंडलास स्वतंत्र फ्यूज असणे आवश्यक आहे. एलईडीही तापतो, परंतु त्याची उष्णता पाठीमागील धातूच्या बैठकीतून बाहेर पडते. ही बैठक चहूबाजूंनी झाकून टाकल्यास दिव्याचे आयुष्य घटते.

आणखी एक दोष सहसा लक्षात येत नाही. दिव्यातील विद्युतदाब नियंत्रित करणाऱ्या मंडलातून रेडिओलहरींचा उपद्रव होऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यासंबंधी इशारा दिला होता. संकटकाळी वापरावयाचा व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनेल अशा खरखरीत दबून जाण्याचा धोका असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. दिवे बंद ठेवून रेडिओची खरखर नुकतीच थांबेल अशी जुळणी करावी व मग एकेक दिवा लावावा. खरखर पुन्हा सुरू झाल्यास तो दिवा सदोष समजावा.

मार्गदर्शक दिवे :

सागरी टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नौकेच्या डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. ट्रॉल जाळे ओढणारी नौका हिरव्याखाली पांढरा, तर इतर प्रकारे मासेमारी करणारी नौका लालखाली पांढरा दिवा दाखवते. या रंगांवरूनच समोरचा तांडेल आपला मार्ग ठरवतो. येथे एलईडीमुळे एक अनपेक्षित अडचण उद्भवते. तारेच्या बल्बच्या प्रकाशात लाल घटक विपुल असतो. पांढरा एलईडी हा बहुधा निळा डायोड आणि त्यावरील पिवळसर फॉस्फर यांचा बनलेला असल्याने त्यात लाल घटक तुलनेने कमी असतो. जुन्या लाल काचेमागे असा दिवा बसवल्यास तो मंद दिसतो, तर हिरव्या काचेमागे निळसर छटा येऊ शकते. म्हणून मार्गदर्शक दिव्याचा केवळ बल्ब न बदलता, त्या कामासाठी प्रमाणित असलेला संपूर्ण दिवाच बसवावा.

याच नियमावलीतील विसाव्या नियमानुसार, मार्गदर्शक दिवे झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा येईल असे अन्य दिवे लावता येत नाहीत. प्रखर प्रकाशानंतर डोळ्यांना अंधाराशी पूर्णपणे जुळवून घेण्यास सुमारे अर्धा तास लागतो. यास्तव कामाच्या जागेवरील दिवे खाली वळवलेले व आडोसा असलेले हवेत.

प्रकाश पाण्यात शिरतो तेव्हा :

समुद्राचे पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेते, तर निळा-हिरवा प्रकाश खोलवर जातो. पांढऱ्या एलईडीतील निळा घटक मार्गदर्शक दिव्यात उणीव ठरतो, परंतु मासे आकर्षित करण्यासाठी तोच उपयुक्त ठरतो. प्रकाशाकडे सूक्ष्म प्लवक जमतात, त्यांमागे लहान मासे व म्हाकूळ येतात आणि जमलेला थवा पर्ससीन जाळ्याने घेरला जातो. या पद्धतीत वाढ न झालेले मासेही मोठ्या प्रमाणात सापडतात. जेथे मासे विखुरलेले असावयाचे, तेथे ते एका नौकेभोवती गोळा होतात आणि लहान नौकांच्या जाळ्यांत मात्र त्या प्रमाणात मासळी येत नाही. वादाचे मूळ येथे आहे.

१० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी प्रकाशाच्या साहाय्याने मासेमारी करण्यास बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांतही ही बंदी कायम आहे. बारा सागरी मैलांपर्यंतच्या जलधीतील मासेमारीचे नियमन राज्यांकडे असून, महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून शिक्षेच्या तरतुदी कठोर केल्या.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, दोष एलईडी या साधनात नसून त्याच्या योजनेत आहे. दिव्याची शक्ती, दिशा व जागा यांवरून त्याचा हेतू बव्हंशी ओळखता येतो. खलाशांच्या हातांवर आणि जाळ्यावर पडणारा मर्यादित प्रकाश सुरक्षेसाठी असतो. नौकेबाहेर पाण्यावर रोखलेला किंवा पाण्यात सोडलेला प्रखर झोत शिकारीसाठी असतो. कोकणातील महाविद्यालयांत प्रकाशाचे शोषण, विद्युतभार व सागरी परिसंस्था हे विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात. एका नौकेवरील दिव्यांची पाहणी करताना ते एकत्र येतात, आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींच्या घरचा चरितार्थ त्याच नौकेवर अवलंबून असतो. ही पाहणी अभ्यासक्रमाचा भाग व्हावी, असे सुचवावेसे वाटते.