जुन्या कागदातलं घराणं (भाग 7) : कर्जाचे कागद नीट वाचा

मागच्या भागात कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, पाहिलं. त्यातली जन्माची नोंद बहुधा बारशाआधीची असते. बाळाचं नाव नसतं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव आणि जात. बापाला चार मुलं असली, तर त्यातले आपले आजोबा कोणते? हा गुंता सोडवायला मंदीच्या काळातले कर्जाचे कागद उपयोगी पडतात.

1929 मध्ये जगभर मंदी आली आणि कापसाचे भाव बघता बघता निम्म्यावर उतरले. वऱ्हाडाचं सारं गणित कापसावर. सारा रोखीनं भरायचा, सावकाराचं व्याजही रोखीनंच. हातात येणारा पैसा मात्र अर्धा. मग शेत गहाण पडायचं, मुदत टळली की विकलं जायचं. तुमच्या घरी ‘आपलं वावर सावकारानं नेलं’ असं म्हातारी माणसं सांगत असतील, तर शोध 1930 ते 1940 या वर्षांपासून सुरू करा.

पहिला कागद गहाणखत किंवा खरेदीखत. तो दुय्यम निबंधक कार्यालयात. तिथे नोंदलेल्या दस्तांच्या दोन सूच्या असतात, एक नावांची आणि दुसरी मिळकतीची. गट नंबर जुन्या दस्तात नसतो, म्हणून शेताचा जुना सर्व्हे नंबर सोबत न्या. तालुकाही तेव्हाचा पाहा. उदाहरणार्थ, अमरावती जिल्ह्यातला तिवसा तेव्हा तालुका नव्हता, चांदूर तालुक्यात होता. म्हणून सूचीतही चांदूरच पाहा.

दस्त हाती आला की सावकाश वाचा. ‘वल्द’च्या पुढे बापाचं नाव, ‘जौजे’च्या पुढे नवऱ्याचं, ‘बेवा’च्या पुढे वारलेल्या नवऱ्याचं. कर्ता वारला असेल, तर ‘अज्ञान, अ. पा. क. आई’ (म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती आई) असं लिहून पोरांची नावं वयासकट ओळीनं दिलेली असतात. कोतवाल बुकातला बिननावाचा ‘मुलगा’ इथे वयावरून ओळखता येतो. चतुःसीमेत शेजारच्या शेतांचे मालक येतात. त्यात चुलतघर पुष्कळदा सापडतं, कारण वाटणी झालेलं वावर बहुधा बांधाला बांध लागून असतं.

दुसरा कागद कर्ज तडजोड बोर्डाचा. मध्यप्रांत सरकारनं 1933 मध्ये अशा बोर्डांसाठी कायदा केला. पंजाब आणि बंगालचे असे कायदे त्यानंतरचे. कर्जदारानं अर्जात कोणाचं किती देणं आहे आणि आपल्याजवळ काय मिळकत आहे, हे सारं लिहून द्यायचं. पुढे 1939 मध्ये ऋणनिवारणाचा कायदा आला. अशी फाइल हाती लागलीच, तर त्या वर्षीचा घरचा सगळा पसारा एका जागी दिसतो. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात विचारा. प्रांत सरकारचे कागद नागपूरच्या अभिलेखागारात आहेत.

एक भेद ध्यानात ठेवा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणून खातेदार शेतकऱ्याचं नाव थेट सरकारी कागदावर येतं. कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की आर्वीकडे मालगुजारी. तिथे मालगुजाराच्या हाताखालची कुळं शोधावी लागतात. सोयरीक नदीपलीकडची असेल, तर दोन्हीकडची रीत वेगळी.

आज हे दस्त काढले जातात ते जात पडताळणीसाठी. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून लोक 1930 च्या सुमाराची नक्कल आनंदानं घेतात, जातीचा रकाना दाखवतात आणि कागद फाइलीत घालतात. पणजीचं नाव, तिच्या पोरांची वयं, गेलेल्या शेताचा बांध त्याच कागदात न वाचता राहून जातो.

घरात अशी नक्कल पडली असेल, तर या आठवड्यात बाहेर काढा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत वाचा. दस्त मोडीत असेल, तर जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, एका ओळीचं नको.

(पुढील भागात : शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर)